बिनशिवणीचे पायताण: रबरी तळाच्या इतिहासाचा आढावा

रबरी तळाच्या पादत्राणांचा इतिहास बहुतेक ठिकाणी दोनच वाटांनी सांगितला जातो. पहिली वाट शोधकाची. चार्ल्स गुडइयर नावाचा कर्जात बुडालेला अमेरिकी माणूस १८३९ साली रबर आणि गंधक एकत्र तापवतो, रबर उन्हाळ्यात पाघळायचे आणि थंडीत तडकायचे थांबते, आणि तिथून पुढे सगळे आपोआप घडत जाते. दुसरी वाट खेळाच्या मैदानाची. टेनिस, बास्केटबॉल, धावण्याच्या शर्यती आणि त्यांच्या मागून आलेले मोठमोठे ब्रँड. दोन्ही कहाण्या खऱ्या आहेत, पण जगातल्या बहुसंख्य पायांत रबर आले ते या वाटांनी आलेले नाही. ते आले शाळेच्या पीटीच्या तासाला, गिरणीच्या पाळीला, आठवडी बाजारात, पावसाळ्यातल्या पायवाटेवर. त्या पायांच्या बाजूने पाहिले की प्रश्नच बदलतो. रबराने पायताणात नेमके काय बदलले? मऊपणा, उसळी, घट्ट पकड ही उत्तरे चटकन सुचतात, आणि मला ती सगळी दुय्यम वाटतात. माझे म्हणणे असे की रबराने पायताणातली शिवण काढून टाकली. कातड्याचा जोडा म्हणजे अनेक तुकडे दोऱ्याने, वादीने किंवा खिळ्यांनी एकत्र धरलेले. प्रत्येक भोक म्हणजे पाणी आत शिरण्याची जागा, आणि प्रत्येक टाका म्हणजे एका कसबी हाताचा वेळ. रबर मात्र बुडवून, चिकटवून, साच्यात दाबून जोडता येते. पायताण पाण्याला दाद देईना, ते स्वस्त झाले, कारागिराकडून कारखान्यात गेले आणि शेवटी दुरुस्त होईनासे झाले, या चारही गोष्टी त्या एकाच बदलातून निघालेल्या आहेत.

याची सुरुवात गुडइयरच्या कितीतरी आधी होते. मध्य अमेरिकेत इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून रबराचे चेंडू बनत होते. मेक्सिकोतल्या एल मनाती इथल्या दलदलीत ते सापडले आहेत. तिथले लोक कॅस्टिला जातीच्या झाडाचा चीक एका रानवेलीच्या रसात मिसळत. ही वेल आपल्याकडच्या गारवेलीच्या कुळातली, रात्री पांढरी फुले देणारी. डोरोथी हॉस्लर आणि मायकेल टार्कानियन या मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी हे मिश्रण प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिले. त्यात असे दिसले की रसाचे प्रमाण बदलले की रबराचा गुणही बदलतो. चीक आणि रस निम्मे-निम्मे घेतले तर उसळी उत्तम येते. तीन भाग चिकाला एक भाग रस घेतला तर झीज कमी होते, म्हणजे तळाला लागतो तो गुण मिळतो. स्पॅनिश लेखकांनी रबरी तळाच्या चपलांचा उल्लेख केला आहे, पण त्या काळातली अशी चप्पल उत्खननात हाती लागलेली नाही, हे इथे सांगितलेच पाहिजे. ॲमेझॉनच्या खोऱ्याबद्दलचा पुरावा जास्त थेट आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ ला कोंदामीन अठराव्या शतकाच्या मध्याला तिथून परतला, तेव्हा त्याने नोंदवले की तिथले लोक झाडाच्या चिकापासून एकसंध बूट बनवतात, ते पाणी आत घेत नाहीत आणि धुरावर धरले की अगदी कातड्यासारखे दिसतात. या नोंदीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे तो एकसंधपणा. जोडकाम नाही म्हणून पाणी नाही, हे नाते त्या युरोपीय पाहुण्याला पहिल्या नजरेत दिसले होते.

हे बूट बनवण्याची रीत मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. मातीचा किंवा लाकडाचा पायाच्या आकाराचा साचा ताज्या चिकात बुडवायचा, ताडजातीच्या फळांच्या बिया जाळून निघणाऱ्या दाट धुरावर फिरवायचा, थर सुकला की पुन्हा बुडवायचा. असे थरावर थर चढवत गेले की हवी ती जाडी मिळते, आणि तळाशी जास्त थर दिले की तळ जाड होतो. वरचा थर ओला असतानाच टोकदार काडीने नक्षी काढायची. मग आतला साचा काढून घ्यायचा. यात सुई नाही, आर नाही, दोरा नाही. १८२० नंतर ब्राझीलच्या पारा बंदरातून असे जोडे बॉस्टनला जाऊ लागले, आणि मागणी इतकी वाढली की अमेरिकी व्यापारी आपल्याकडच्या पायांच्या मापाचे लाकडी साचे तिकडे पाठवू लागले. म्हणजे रबरी बुटांचा पहिला जागतिक व्यापार ॲमेझॉनच्या काठच्या माणसांच्या कसबावर उभा होता, आणि गुडइयरचा शोध त्यानंतरचा आहे. खोट होती ती मालात. उन्हाळ्यात जोडे चिकट होऊन त्यांना वास सुटे, थंडीत ते दगडासारखे कडक पडत. १८३३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये निघालेली रॉक्सबरी इंडिया रबर कंपनी याच दोषाने खाली बसली. गुडइयरचे श्रेय इथे आहे, आणि ते मोठे आहे. गंधकाचा उपयोग नॅथॅनिएल हेवर्डने त्याच्या आधी करून पाहिला होता, आणि गुडइयरने त्याचे हक्क विकत घेतले. गंधकासोबत उष्णता दिली की रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात, हे मात्र गुडइयरने हाताने शोधून काढले. १८४४ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक त्याच्याही पुढे जाऊन अर्ज करून मोकळा झाला होता. गुडइयरकडून परवाना घेऊन पादत्राणे बनवणारा पहिला कारखानदार कनेटिकटचा लेव्हरेट कँडी. तेव्हा गुडइयरने बिनशिवणीचा जोडा शोधला असे म्हणणे चूक ठरेल. आधीच असलेला बिनशिवणीचा जोडा त्याने सगळ्या ऋतूंत टिकेल असा केला.

यावर एक आक्षेप सरळ समोर येतो. जोडे स्वस्त झाले ते शिवण गेल्यामुळे कसे म्हणता? शिवण्याचे काम यंत्राकडे गेले म्हणून ते स्वस्त झाले, असेही म्हणता येईल. हा आक्षेप कच्चा नाही. लायमन ब्लेकने १८५८ साली तळ शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि अमेरिकी यादवी युद्धात सैन्याचे बूट त्यावर शिवले गेले. सुरिनाममध्ये जन्मलेल्या यान मॅट्झेलिगरने १८८३ साली साच्यावर कातडे ओढून बसवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि जे काम कुशल कारागिराच्या हातून दिवसाला पन्नास जोडांचे होई ते अनेक पटींनी वाढले. इतकेच काय, आजही उंची कातडी बुटाची ओळख असलेली 'गुडइयर वेल्ट' ही शिवण चार्ल्स गुडइयरच्याच मुलाच्या नावाने चालते. बापाने शिवण अनावश्यक केली आणि मुलाने ती यंत्रावर चढवली. पण या यंत्रांनी जे साधले त्याला दोन मर्यादा होत्या. एक, कातडे जनावराकडून येते आणि मागणी वाढली म्हणून जनावरे लवकर मोठी होत नाहीत. दोन, शिवलेला कातडी जोडा कोरड्या थंड देशात टिकतो. चार महिने चिखलपाण्यात राहणाऱ्या मुलखात त्याचा दोरा आधी कुजतो आणि मग कातडे. यंत्राने जोडा स्वस्त झाला तो मुख्यतः ज्यांच्या पायात आधीपासून जोडा होता त्यांच्यासाठी. जे अनवाणी होते त्यांच्यापर्यंत तो फारसा पोहोचला नाही.

पाण्याच्या बाबतीत निकाल लवकर लागला. हायरम हचिन्सन या अमेरिकी उद्योजकाने १८५३ साली फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. त्याचे गिऱ्हाईक कोण, तर लाकडी खडावांसारखे जोडे घालून ओल्या शेतात राबणारे शेतकरी. तीन वर्षांनी हेन्री ली नॉरिसने एडिंबरोत नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी उभी केली, आणि पहिल्या महायुद्धात याच कंपनीने ब्रिटिश सैन्यासाठी खंदकात घालायचे ११,८५,०३६ जोड गमबूट बनवले. खंदकातल्या साचलेल्या पाण्यात पाय सडत होते, आणि सैनिक गोळीने जायबंदी होण्याआधी पायाने होत होता. शिवलेला लष्करी बूट तिथे उभा राहू शकला नाही. डोंगरावरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. गिर्यारोहकांच्या कातडी बुटांना तेव्हा लोखंडी खिळे ठोकलेले असत. खडकावर ते घसरत, आणि लोखंडातून थंडी थेट तळव्यात उतरे. १९३५ साली इटलीतल्या पुंता रासिकावर सहा गिर्यारोहकांचा जीव गेला. त्यांच्या सोबत्यांपैकी विताले ब्रामानीने त्यानंतर खोल खाचांचा रबरी तळ तयार करायला घेतला, पिरेली या टायर कंपनीच्या पाठबळाने १९३७ पर्यंत तो सिद्ध केला, आणि १९५४ साली के-टू सर करणाऱ्या इटालियन चमूच्या पायांत तोच तळ होता. हा खिळा पकडीसाठी असला, तरी टाक्यासारखाच तोही तळाला भोक पाडून बसे. तो गेल्यावर पाय वाचले.

मैदानातल्या बुटांकडे मी इथे थोडक्यातच पाहतो, कारण त्यांच्याबद्दल लिहिले गेले आहे ते पुरेसे आहे. त्यांची घडण मात्र युक्तिवादाला लागते. कॅनव्हासचे कापड शिवलेलेच असते, तिथे शिवण गेलेली नाही. पण ते धातूच्या साच्यावर ओढले की पुढचे सगळे चिकटकाम असते. कच्च्या रबराचा तळ लावायचा, कडेने रबराची पट्टी गुंडाळायची, बोटांवर टोपी बसवायची आणि असे शेकडो जोड गाड्यावर रचून वाफेच्या बंद भट्टीत ढकलायचे. तासाभराने गंधकाने आपले काम केलेले असते आणि वेगवेगळे लावलेले तुकडे एकच वस्तू होऊन बाहेर येतात. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल रबर कंपनीने असे बूट १८७० च्या दशकात लोकप्रिय केले. अमेरिकेत १८९२ साली अनेक रबरी पादत्राण कारखाने एकत्र येऊन युनायटेड स्टेट्स रबर कंपनी झाली आणि १९१६ साली तिने केड्स बाजारात आणले. कन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७ चा. मोटारीच्या टायरांचा जमाना येण्याआधी रबराचा एक सर्वांत मोठा ग्राहक हा पादत्राणांचा धंदाच होता, हे आज सहसा कुणाच्या लक्षात नसते.

इतक्या स्वस्त रबराची किंमत कुणी भरली, हा दुसरा आक्षेप, आणि त्याला उत्तर देऊन तो संपवता येत नाही. तो मान्यच करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल आणि मोटारीच्या टायरांनी मागणी भडकवली तेव्हा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खासगी मालकीच्या काँगो मुक्त राज्यात रानवेलींचे रबर गोळा करण्यासाठी गावेच्या गावे ओलीस धरली गेली, हात तोडले गेले. १९०४ साली रॉजर केसमेंटचा अहवाल आणि ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईची छायाचित्रे जगापुढे आली, आणि १९०८ साली राजाला तो मुलूख सोडावा लागला. पुढे पेरूच्या पुतुमायो भागातल्या आदिवासींवरचे असेच अत्याचारही केसमेंटनेच उघड केले. ज्या ॲमेझॉनच्या लोकांनी जगाला रबरी जोडा दाखवला त्यांच्याच भाईबंदांवर त्याच चिकासाठी ही वेळ आली. जंगली रबराची ही पद्धत मोडली ती मळ्यांमुळे. हेन्री विकहॅमने १८७६ साली तपाजोस नदीकाठचे सुमारे ७०,००० बी लंडनच्या क्यू उद्यानात नेले. उगवली त्यातली २,७०० च्या आसपास रोपे, आणि त्यांची संतती सिलोन, मलाया अशी पसरली. भारतात पहिला व्यापारी मळा १९०२ साली त्रावणकोरात, पेरियार नदीकाठी तट्टेक्काड इथे लागला. आज दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरउतारावर आणि गोव्यातही रबराच्या रांगा दिसतात, त्या याच वंशातल्या. मळ्यांनी हात तोडणे थांबवले, पण मलायातल्या मळ्यांवर वेठीसारख्या करारांनी नेलेल्या तमिळ मजुरांचे आयुष्य सुखाचे होते असे कुणी म्हणू नये. रबराने अनवाणी माणसाला पायताण दिले हे माझे विधान मी मागे घेत नाही. ते पायताण दुसऱ्या कुठल्या तरी अनवाणी माणसाच्या कष्टातून आले, हेही त्याच वाक्यात लिहायला हवे.

भारतात, आणि विशेषतः आपल्या मुलखात, शिवण जाण्याला आणखी एक अर्थ होता. गावगाड्यात कातड्याचे काम जातींना वाटून दिलेले होते. मेलेले जनावर महाराने ओढायचे, कातडे ढोराने कमवायचे, वहाण चांभाराने शिवायची आणि बदल्यात बलुत्याचे धान्य घ्यायचे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या, वादीने शिवलेल्या कोल्हापुरी वहाणेचे कसब ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले त्यांनाच अस्पृश्य मानले गेले. १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडा असे बजावून सांगितले, तेव्हा त्यांनी या साखळीच्या पहिल्याच कडीवर घाव घातला होता. रबरी पायताण या साखळीच्या बाहेरून आले. ते दुकानात मिळे, रोख पैशाला मिळे, आणि ते कुणी बनवले हे विचारायचे कारण उरत नसे. तोमास बाटाची कंपनी १९३१ साली कलकत्त्याजवळ कोन्नगरला आली, लवकरच बाटानगर उभे राहिले, आणि पांढरे कॅनव्हासचे बूट शाळाशाळांत पोहोचले. त्या काळातली तिची एक जाहिरात धनुर्वाताची भीती घालून जोडा घाला असे सांगते. बहुसंख्य गिऱ्हाईक अनवाणी आहे हे धरूनच ती लिहिलेली आहे. अर्थात रबराने जात मोडली असा दावा मी करणार नाही. अनेक गावांत दलितांनी सवर्णांच्या आळीतून पायात काही घालून जायचे नाही हा दंडक रबरी चप्पल आल्यावरही चालू राहिला, आणि तो मोडला तो माणसांनी, चळवळीने. रबराने केले ते इतकेच की ज्याला पायताण घालायचे होते त्याला ते आणायला गावच्या उतरंडीत कुणापुढे उभे राहावे लागले नाही. हे थोडे नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे हवाई चप्पल. तिचा साधेपणा इतका परिचयाचा आहे की त्यातली करामत दिसत नाही. रबर, गंधक, भरीला मातीसारखी पूड आणि तापल्यावर वायू सोडणारे एक रसायन हे सगळे रुळांच्या गिरणीत मळून त्याची लादी करतात आणि तापलेल्या प्रेसमध्ये घट्ट दाबून ठेवतात. आत वायू तयार होतो, पण दाबामुळे त्याला फुगता येत नाही. काही मिनिटांनी प्रेस उघडताच ती शीट क्षणात उसळून साच्याबाहेर येते आणि लांबी-रुंदी-जाडी तिन्ही बाजूंनी वाढते. आत लक्षावधी बारीक बंद कप्पे झालेले असतात. बहुधा वरचा थर पांढरा, खालचा निळा. मग डायने पायाचा आकार कापायचा, तीन भोके पाडायची आणि अंगठ्याच्या पट्ट्याची तिन्ही टोके ओढून बसवायची. खाली बोंड असल्यामुळे पट्टा निघत नाही. टाका तर नाहीच, सोल्यूशनही नाही. ॲमेझॉनमधल्या चिकात बुडवलेल्या साच्यापासून निघालेली रेषा इथे येऊन पूर्ण होते असे मला वाटते. झोरी या जपानी पेंढ्याच्या चपलेवरून घडलेला हा नमुना दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर गेला. ब्राझीलमध्ये १९६२ साली हवायानास निघाली आणि तिच्या तळावर झोरीच्या तांदळाच्या पेंढ्याची आठवण म्हणून तांदळाच्या दाण्यांची नक्षी आहे. आपल्याकडे बाटापासून केरळातल्या पॅरागॉनपर्यंत कितीतरी नावांनी ती घराघरांत आली. अंगठ्याचा पट्टा तुटला की खालून सेफ्टी पिन अडकवून आणखी महिनाभर चालवणारे लोक या देशात कोट्यवधी आहेत, आणि त्यांच्यासाठी या चपलेची किंमत किती कमी आहे हीच तिची सर्वांत मोठी गुणवत्ता आहे.

माझ्या मांडणीला एक मोठा अपवाद आहे आणि तो टाळणे बरे नाही. टायरची चप्पल. जुन्या ट्रकच्या टायरचा तळ, वर टायरचेच किंवा कातड्याचे पट्टे, आणि जोडकाम खिळ्यांनी किंवा जाड टाक्यांनी. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात काट्याकुट्यांतून, ढेकळांतून चालणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि ऊसतोड मजुराच्या पायात ती वर्षानुवर्षे टिकली. इथे रबर कारखान्यातून न येता भंगारातून आले, आणि आले ते पुन्हा चांभाराच्याच हाती. मेक्सिकोतल्या वाराचे नावाच्या चपलांना आणि केन्यातल्या मसाईंच्या चपलांनाही असाच टायरचा तळ लागला. म्हणजे रबराने कारागिराला नेहमीच बाजूला सारले असे नाही. स्वस्त भंगार हाताशी असेल तिथे त्याने कारागिराला नवा माल दिला. पण व्हिएतनाममध्ये युद्धकाळात टायरच्या चपला बनल्या तेव्हा ट्यूबच्या पट्ट्या तळातल्या चिरांतून ओढून नुसत्या घर्षणाने अडकवलेल्या असत, खिळा नाही की दोरा नाही. संधी मिळाली की रबर शिवणीपासून सुटायला पाहते, एवढे या अपवादातही दिसते.

पायताणाने खरोखर काही भले झाले का, की अनवाणी पायच बरा, असाही वाद गेली काही वर्षे जोरात आहे. यातल्या आरोग्याच्या बाजूला पक्का आधार आहे. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरते हे आर्थर लूसने १८९८ साली कैरोत दाखवले, आणि १९०९ पासून रॉकफेलरांच्या पैशाने अमेरिकेच्या दक्षिणेत चाललेल्या मोहिमेत संडास आणि जोडे या दोन्हींचा आग्रह धरला गेला. अनवाणीपणाची बाजूही पोकळ नाही. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ साली २,३०० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. अनवाणी वाढलेल्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण २.८ टक्के होते, तर पायताण घालणाऱ्यांत ८.६ टक्के. मात्र त्याच पाहणीत असेही दिसले की हा दोष सर्वाधिक होता तो बोटे झाकणाऱ्या बंद बुटांत, आणि सँडल किंवा स्लीपर घालणाऱ्यांत तो कमी होता. म्हणजे पाय मोकळा ठेवणारी साधी चप्पल ही दोन टोकांमधली शहाणी जागा ठरते. उलट जंताच्या बाबतीत चपलेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, कारण चिखलणी आणि लावणी करताना ती बांधावरच काढून ठेवलेली असते. तिथे संडासच हवा.

रबराने पायाला दिलेले सर्वांत मोठे देणे कोणते असे विचारले तर मी वेल्लोरकडे बोट दाखवीन. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली तिथे आले तेव्हा कुष्ठरोग्यांचे पाय रोगाने आपोआप झडतात असाच समज होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की रोग संवेदना मारतो आणि पुढचे नुकसान दाबाने, घासण्याने, न कळलेल्या जखमेवर चालत राहण्याने होते. मग उपाय पायताणातच शोधायचा होता. त्यातून जी चप्पल निघाली तिच्यात दोन प्रकारचे रबर एकावर एक असते. पायाला लागून सूक्ष्म कप्प्यांचे मऊ रबर (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे एमसीआर), जे दाब सगळ्या तळव्यावर पसरवते, आणि खाली काटा आत येऊ नये म्हणून टायरसारखे कडक रबर. खिळा वापरायचा नाही हा यातला पहिला नियम, कारण तळातून वर आलेला खिळा अशा रुग्णाला कळतच नाही. रात्री चप्पल काढल्यावर रक्त दिसते. हीच एमसीआर चप्पल पुढे सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात आली, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसाठीही तीच वापरात आहे. तिच्यातही एक अडचण उरलीच. ती ओळखू येते, म्हणून लोक घालायला संकोचतात. नेहमीच्या चपलेसारखी दिसणारी एमसीआर बनवणे हा तंत्राचा लहानसाच प्रश्न आहे, पण तिच्यावर कुणाचा तरी पाय अवलंबून आहे.

उरतो तो शेवटचा आणि आजचा आक्षेप: आता तळात रबर आहेच कुठे? बहुतेक स्वस्त चपला ईव्हीए, पीव्हीसी, पॉलियुरेथेन अशा पदार्थांच्या असतात, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतल्यावर अमेरिकेने उभा केलेला कृत्रिम रबराचा उद्योगही यात मिसळला आहे. पदार्थ बदलला हे खरे. रीत मात्र तीच राहिली, किंबहुना टोकाला गेली: आता तळ आणि पट्टा एकाच साच्यात एकाच वेळी ओतले जातात. इथे मला हा इतिहास हातातून निसटताना दिसतो. हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर जेनिफर लॅव्हर्स यांच्या चमूने कचरा मोजला, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथे सुमारे ९,७७,००० पादत्राणे असल्याचा त्यांचा अंदाज निघाला, आणि त्यांत मोठा भरणा चपलांचा. गंधकाने जोडलेले रबर पुन्हा वितळवून वापरता येत नाही; साखळ्या कायमच्या जोडल्या गेल्यामुळेच ते टिकते आणि त्यामुळेच ते उरते. म्हणून काही जण पुन्हा शिवलेल्या कातड्याकडे वळा असे सांगतात. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या कारागिरांना रास्त दाम मिळावा यासाठी मीही जोर लावीन. पण पावसाळ्यात रोजावर जाणाऱ्या बाईला कोल्हापुरीचा आग्रह करणे अन्यायाचे आहे. माझ्या मते बिनशिवणीच्या पायताणात दुरुस्ती परत आणता येते, आणि तिचा नमुना आपल्यासमोरच आहे. हवाई चपलेचा पट्टा आठवडी बाजारात चार पैशांत वेगळा मिळतो, आणि साबणाचे बोट लावून घरच्या घरी बसवता येतो. एकसंध साच्यातल्या सपातेचा पट्टा एकदा तुटला की तळ कितीही शाबूत असला तरी जोडी फेकावीच लागते. कारखानदारांनी पट्टा वेगळा ठेवावा, तो वेगळा विकावा, आणि सरकारने भारतीय मानकांतच तशी अट घालावी, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवी.